तुमच्याकडे लाइट कुठली?

डिसेंबर उजाडला, ज्वारीचं कणीस दाणा धरू लागलं, की पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या मंडळींना गाव आठवतं आणि माझा फोन वाजायला लागतो. "दादा, हुरडा पार्टी ठेवलीय शेतावर. पंचवीस-तीस माणसं. गाणी लावायचीत, थोडं माइकवर बोलायचंय. तुमचा साउंड किती वॅटचा आहे?" वॅटचा प्रश्न सगळेच विचारतात. मी त्याला उत्तर न देता उलट विचारतो, "तुमच्याकडे लाइट कुठली?"

समोरचा गोंधळतो. "लाइट? आहे की वस्तीवर." मग माझी उलटतपासणी सुरू होते. घरची लाइट की मोटरची? खळ्यापासून मीटर किती लांब? त्या बोर्डावर अजून काय काय लागणार? किती वाजेपर्यंत वाजवायचं? एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, मी साउंडवाल्याला फोन लावलाय की वायरमनला?" खरं सांगायचं तर माझ्या धंद्यात तीन हिस्से वायरमन असतो आणि एक हिस्सा साउंडवाला.

बार्शी तालुक्यात माझा मंडप-साउंडचा छोटा धंदा आहे. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती माझ्याकडे नाहीत आणि त्यांची हौसही नाही. बारसं, हळद, वाढदिवस, गच्चीवरची कोजागिरी, शेतावरचा हुरडा, असली कामं मी घेतो. मोठ्या कार्यक्रमाला जनरेटरची वेगळी गाडी येते, तिच्यासोबत वेगळा माणूस येतो. लहान कार्यक्रमात वीज हा कुणाचाच विषय नसतो. यजमानाला हुरड्याची आणि चटणीची काळजी, पाहुण्यांना फोटोंची. म्हणून तो विषय माझ्या गळ्यात पडतो.

वॅटचं खूळ लोकांच्या डोक्यात कुठून शिरलं ते मला माहीत आहे. एक काळ असा होता की बाजारातल्या टेपवर आणि छोट्याशा डब्यांवर 'पीएमपीओ' असं लिहून पुढे हजारांचे आकडे छापलेले असायचे. तो आकडा म्हणजे क्षणार्धापुरता, तोही कागदावरचा जोर. तेवढी ताकद खरोखर खेचायची म्हटलं असतं तर घराचा फ्यूज पहिल्याच ठेक्याला उडाला असता. सतत टिकणारी ताकद आरएमएसमध्ये मोजतात आणि ती त्या आकड्याच्या जवळपासही नसायची. पण मनात आकडा बसला तो बसलाच. अजूनही गिऱ्हाईक हजार वॅट ऐकलं की खूश होतं.

आवाजाचा हिशेब वॅटसारखा सरळ चढत नाही. मशीनची, म्हणजे अॅम्प्लिफायरची, ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबलने, म्हणजे ऐकणाऱ्याला जेमतेम जाणवेल इतका. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात आणि त्यासाठी ताकद दहापट करावी लागते. त्यापेक्षा स्पीकर कुठला आहे याला जास्त किंमत. घरातला साधा स्पीकर एका वॅटवर, मीटरभर अंतरावर, अठ्ठ्याऐंशी-नव्वद डेसिबल देतो. तेवढ्याच वॅटवर आपला जुना कर्णा शंभरच्या वर जातो. म्हणून तर पूर्वी जीपच्या टपावर एक कर्णा, आत बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं अहुजाचं मशीन, एवढ्यावर अख्खं गाव जागं व्हायचं. त्या मशीनच्या मागे बॅटरीची वायर लावायला वेगळे स्क्रू असत. लाइटवरही चाला, बॅटरीवरही चाला. ज्याने कुणी ते डिझाइन केलं त्याला आपल्या गावांतली लाइट चांगलीच माहीत होती.

कर्ण्यावर गाणी मात्र ऐकवत नाहीत. नुसता मधला आवाज, खाली ठेका नाही. आणि उघड्यावर ठेक्याचे हाल आधीच असतात. खोलीत भिंती आवाज परत देतात, शेतात तो जातो तो जातोच. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गळतात. म्हणून यजमान बॉक्स खळ्याच्या एका टोकाला ठेवायला सांगतात आणि पंगत दुसऱ्या टोकाला बसवतात, तेव्हा मी हात जोडून बॉक्स पंगतीजवळ आणतो. दहा पावलं जवळ आणलेला बॉक्स बॅटरीचा तास-दीड तास वाचवतो. मागे घराची भिंत असेल तर तिला टेकवूनच ठेवतो, खालचा आवाज भरतो. हे फुकटचे वॅट.

मग तीस माणसांच्या हुरड्याला खरी वीज लागते किती? बोर्ड आणि थ्री-पिन यांच्यामध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो, तो माझ्या पेटीत असतो. बारा इंची दोन बॉक्स, तीनशे वॅटचं मशीन, गप्पा मारता येतील एवढा आवाज. मीटरवर आकडा शंभरच्या आसपास नाचतो. ढोलाचा ठोका आला की वर उसळी मारतो, लगेच खाली येतो. गाण्याचा स्वभावच तसा आहे. ठोके उंच, मधली जागा मोकळी. सरासरी काढली तर मशीनच्या छापील ताकदीचा लहानसा हिस्साच खर्च होतो. हल्लीची डी क्लासची मशीन आल्यापासून तर आणखी सोय झाली. जुनी ट्रान्सफॉर्मरवाली मशीन निम्म्याहून जास्त वीज तापण्यातच घालवायची. हिवाळ्यात हात शेकायला बरी, बाकी काही नाही.

म्हणजे गाण्यांची भूक थोडी. अडचण असते ती गाण्यांच्या शेजारी कोण जेवायला बसलंय याची.

आता लाइटकडे येऊ. शेतावर दोन तऱ्हेची लाइट असते. वस्तीवरच्या घराची सिंगल फेज आणि मोटरची थ्री फेज. मोटरची लाइट पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि पाळीची वेळ वायरमनपेक्षा शेतातल्या गड्याला जास्त पक्की माहीत असते. जिथे 2017 नंतर शेतीचा फीडर सोलरवर गेला, तिथे मोटरची लाइट दिवसा मिळायला लागली. शेतकऱ्याची रात्री पाणी धरायची कटकट सुटली, ते चांगलंच झालं. पण संध्याकाळी सहानंतर त्या तारेत काही उरत नाही. तरी यजमान म्हणतात, "अहो, डीपी शेजारीच आहे!" ट्रान्सफॉर्मरची डीपी शेजारी असून तिचा उपयोग चिमण्यांना.

रात्रपाळी असली तर वेगळंच नाटक. विहिरीवरच्या पेटीत ऑटो स्विच असतो. लाइट आली की मोटर आपली आपण सुरू होते. माणूस गावात झोपलेला असला तरी पाणी चालू, ही त्याची सोय. एका हुरड्याला यजमानांच्या पुतण्याने हौसेने मोटरच्या पेटीतूनच जोड घेऊन ठेवला होता. मी माझी बॅटरी लावूनच बसलो होतो, त्या जोडावर फक्त दोन फोकस होते. साडेआठला लाइट आली, ऑटो स्विच पडला, साडेसात एचपीची मोटर उठली. फोकस आधी पिवळे पडले, मग एक गेलाच. आणि दुसरीकडे दारं धरायला कुणी नाही म्हणून पाणी खळ्याच्या दिशेने निघालं. पंगतीतली पुण्याची पोरं पाण्यात नाचायला लागली. घरचे आबा मात्र धोतर खोचून फावडं घेऊन अंधारात धावले.

मोटरच्या पेटीतून सिंगल फेज काढायची म्हणजे एक फेज घ्यायचा आणि परतीची तार बोअरच्या लोखंडी पाइपाला किंवा जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधायची, असा एक रिवाज आहे. दिवा लागतो, पंखा फिरतो, म्हणून लोकांना तो बरोबर वाटतो. पण मग तो पाइप आणि भोवतालची ओली माती हाच तारेचा दुसरा भाग होतो. तिथे हात धुवायला कोण जाणार? पाहुण्यांची लेकरंच. असा जोड दिसला की मी त्याला माझं थ्री-पिन लावत नाही, भांडण झालं तरी. घरच्या लाइटलाही मल्टिमीटर टेकवल्याशिवाय लावत नाही. दोनशे तीसच्या आसपास आकडा असला तर ठीक. एकशे साठ दिसला तर डिम, निभावून नेता येतं. मला भीती वाटते ती दोनशे ऐंशीची. कुठेतरी न्यूट्रल सुटला की असं होतं. एका घरात बल्ब मिणमिणतो आणि शेजारच्या घरातला टीव्ही जळतो. टेस्टर तिथे काही सांगत नाही, तो दोन्ही वेळेला तसाच लाल हसतो.

एवढं सगळं बघून मी ठरवलं की शेतावरच्या कामाला लाइट घ्यायचीच नाही. असली तर फोकसला वापरा, गाणी माझ्या बॅटरीवर.

बारा व्होल्टची, दीडशे एएचची ट्यूब्युलर बॅटरी घ्या. घरच्या इन्व्हर्टरला असते तीच. बारा गुणिले दीडशे, अठराशे वॅट-तास. पण हा आकडा वीस तास संथ वापरली तर मिळतो. जोरात उपसली तर ती लवकर दमते. शिवाय तळापर्यंत उपसली तर आयुष्य घटतं, म्हणून मी निम्म्यावर थांबतो. राहिले नऊशे. इन्व्हर्टर स्वतःचं कमिशन खातो, पंधरा-वीस टक्के. हातात साधारण साडेसातशे. आता मशीन शंभर, मिक्सर आणि लॅपटॉप मिळून चाळीस. पाच तास आरामात. त्याच बॅटरीवर कुणी पन्नास-पन्नासचे दोन फोकस लावले की तीन तास. वॅट विचारणाऱ्याला मी तास का विचारतो ते इथे कळतं.

आणि बोर्डात एक भोक मोकळं दिसलं की ते भरायला कुणीतरी येतंच. शहरातून आलेली एक ताई बाळाच्या दुधासाठी इलेक्ट्रिक किटली घेऊन आली. किटली दीड हजार वॅटची, इन्व्हर्टर सात-आठशेचा. बटण दाबलं आणि गाणं, मिक्सर, सगळं एका दमात गप्प. बाळाचं दूध महत्त्वाचंच, त्यात वाद नाही. शेजारी हुरड्याची आगटी धगधगत होती, तिच्यावर पातेलं ठेवून दोन मिनिटांत पाणी तापलं. तेव्हापासून माझ्या बोर्डाची मोकळी भोकं चिकटपट्टीने बंद असतात.

गाडीच्या बॅटरीवर चालवा की, असं सुचवणारे बरेच भेटतात. गाडीतल्या लायटरच्या सॉकेटला बहुधा पंधरा-वीस अँपिअरच्या आतला फ्यूज असतो, म्हणजे दोनशेच्या आसपास वॅट, तेही बेताने. खरी अडचण वेगळी. गाडीच्या बॅटरीच्या प्लेट पातळ असतात, क्षणभर मोठा झटका देऊन इंजिन उठवायचं हे तिचं काम. तासन्‌तास हळूहळू वीज पाजणं तिला सोसत नाही. दोन तास गाणी ऐकली आणि रात्री अकराला सगळे गाडी ढकलताहेत, हे मी पाहिलंय, ढकललंयही. आता सोलर पंप आले, तर त्यावर लावा म्हणतात. त्या पॅनेलांची जोडणी मोटरसाठी असते, एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलांचा डीसी व्होल्टेज शेकड्यांत जातो. तिथे हात घालण्याइतका मी शूर नाही. आणि हुरड्याची रंगत सूर्य बुडाल्यावरच असते.

बॅटरी असली की वायरीचं गणित उलटं फिरतं. तीनशे वॅट बारा व्होल्टवर न्यायचे तर तोट्यासकट तीसेक अँपिअर वाहतात. त्या तारेत दशांश ओहम जरी कुठे अडला, गंजलेल्या क्लिपमध्ये किंवा ढिल्या नटाखाली, तरी तीन व्होल्ट तिथेच जातात. बाराचे नऊ झाले की इन्व्हर्टर टीं टीं करत डोळे मिटतो, बॅटरी भरलेली असूनही. म्हणून बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यात बोटभर जाडीची, हातभर लांबीची वायर. लांब न्यायची ती दोनशे तीसची बाजू. तिथे शंभर मीटरला एक स्क्वेअरची वायरही गाण्यांपुरती पुरते, कारण वाहतो जेमतेम एक अँपिअर. त्याच वायरीवर ती किटली असती तर वीसेक व्होल्ट वाटेतच गळाले असते आणि गुंडाळीत राहिलेली वायर तापून चिकटली असती. ड्रमवरची वायर लागो न लागो, मी पूर्ण उलगडतो. उलगडताना पोरं विचारतात, काका एवढी कशाला? सांगत बसायला वेळ नसतो.

दव हा आणखी एक पाहुणा, न बोलावता येणारा. जानेवारीत नऊ वाजता मशीनच्या पत्र्यावर बोट फिरवलं तर ओलं होतं. जमिनीवर पडलेले जोड मग विटेवर चढतात, वरून प्लॅस्टिकची पिशवी. चिकटपट्टी गुंडाळलेला पिळाचा जोड मी वापरतच नाही. दवात तो गळतो आणि त्यावर कुणाचा तरी अनवाणी पाय पडतो.

जनरेटर माझ्याकडे आहे, दोन केव्हीएचा, पेट्रोलवरचा. गरज पडली तरच काढतो. साधा जनरेटर पन्नास हर्ट्झ देण्यासाठी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर पळत राहतो, तुम्ही शंभर वॅट घ्या नाहीतर हजार. ताशी लिटरभराच्या आसपास पेट्रोल आणि फटफट वेगळीच. ती फटफट झाकायला गाणी मोठी करायची, मग गप्पा मोठ्याने, मग पुन्हा गाणी मोठी. शिवाय एकदम लोड पडला की इंजिन दबतं, व्होल्टेज हलतो, आवाज डगमगतो. इन्व्हर्टर जनरेटर निघालेत ते गुणी आहेत. आधी वीज डीसी करतात, मग नव्याने स्वच्छ एसी बनवतात, त्यामुळे लोड कमी असला की इंजिन हळू पळालं तरी चालतं. किंमत मात्र दोन हंगामांची कमाई घेऊन जाईल अशी. ठेवायचा कुठे यावर नेहमी वाद होतो. लोकांना तो कडब्याच्या गंजीमागे हवा असतो, आवाज अडतो म्हणून. तापलेला सायलेन्सर आणि वाळलेला कडबा! मी ट्रॉलीमागे ठेवतो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. गोठ्यात किंवा पडवीत तर नाहीच, धुरातल्या वायूने जनावरंही मरतात आणि माणसंही. पेट्रोल घालायचं ते बंद करून, थंड झाल्यावर. दहा मिनिटं गाणी थांबतात, थांबू देत.

सगळं जमलं तरी एक शत्रू उरतो, गुणगुण. साधा स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असला तर ट्रान्सफॉर्मरवालं मशीन घूंऽऽ करत राहतं, त्याला इलाज साइन वेव्ह घेणं. पण बऱ्याचदा कारण साधं असतं. मोबाइल चार्जिंगला लावून त्यातूनच गाणी वाजवणं. चार्जर काढला की गुणगुण गायब. लॅपटॉपचंही तेच, म्हणून तो शक्यतो येतानाच भरून आणायचा. काही कारागीर गुणगुण घालवायला थ्री-पिनमधली अर्थिंगची पिन कापून टाकतात. गुणगुण जाते हे खरं. सोबत तो पत्र्याचा डबा फॉल्ट झाला तर वीज जाण्याची सुरक्षित वाटही जाते, आणि मग माइक हातात धरलेला माणूसच वाट होतो. असं कापलेलं थ्री-पिन भाड्याच्या सामानात आढळलं तर मी ते तिथेच तोडून फेकतो. मालकाने पैसे मागितले तर देतो.

चालू करताना आधी मिक्सर, शेवटी मशीन. बंद करताना आधी मशीन. नाहीतर बॉक्समधून धप्प आवाज येतो आणि झोपलेलं बाळ उठतं.

दहा वाजता मी आवाज बंद करतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, उघड्यावर तर बंदच. "शेतात कोण ऐकतंय?" हा युक्तिवाद दर हंगामात होतो. शेतात आवाज किती लांब जातो हे पहाटे पाचला उठून म्हशी पिळणाऱ्या शेजाऱ्याला विचारावं. दहानंतर कुणी पेटी काढतं, कुणाची आत्या ओव्या म्हणायला लागते, त्याला माझी बॅटरी लागत नाही. मी तोपर्यंत वायरी गुंडाळत असतो.

बॅटरी उचलायला दोन माणसं लागतात, पन्नास-पंचावन्न किलोची ती. लिथियमची घ्या, एका हातात उचलाल, असं माझा मुलगा म्हणतो. हिशेब त्याने मांडून दाखवलाय. निम्म्यावर थांबायची सक्ती नाही, वजन चौथाई, आयुष्य कितीतरी जास्त. पटतंय. पण जुनी अजून ठणठणीत आहे, आणि ठणठणीत वस्तू टाकून देणं आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही. घरी पोचेपर्यंत बारा-साडेबारा होतात. रिकामी झालेली लेड-ॲसिड बॅटरी तशीच पडू दिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, म्हणून हातपाय धुण्याआधी तिला चार्जिंगला लावतो. सकाळी हायड्रोमीटर बुडवून बघायचं, डिस्टिल्ड वॉटर कमी असेल तर घालायचं, टर्मिनलवरची पांढरी पूड पुसून ग्रीस लावायचं. परवा हे करत असतानाच वैरागहून फोन आला. मुलीचा पहिला वाढदिवस, मळ्यात, शंभर माणसं. किती वॅटचा साउंड आणाल, म्हणाले. मी विचारलं, मळ्यात लाइट कुठली? ते म्हणाले, "थांबा, वहिनींना देतो, त्यांना माहिती असतंय." वहिनींनी एका दमात पाळीचे वार, मीटरचं अंतर आणि घरातल्या बोर्डावर आधीच फ्रिज आहे हे सगळं सांगितलं. भाव ठरवायला मग दोन मिनिटंही लागली नाहीत.